दीड जीबीचा व्हिडीओ ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर का मावत नाही? समजून घ्या बिटरेटचं गणित

लग्नाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग किंवा जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेली मुंज. दोन तासांची फाइल असते जेमतेम १.४ जीबीची आणि कोरी डीव्हीडी असते ४.७ जीबीची. म्हणजे जागाच जागा. पण घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालावी म्हणून तीच फाइल कन्व्हर्ट करायला घेतली, की ती सात जीबीच्या पुढे जाते आणि डिस्कवर जागा कमी असल्याचा मेसेज येतो.

व्हिडीओ तोच, वेळही तेवढाच. मग फाइल पाचपट कशी फुगली?

फाइलचा आकार कशावर ठरतो?

बहुतेकांना वाटतं, मूळ फाइल लहान असेल तर कन्व्हर्ट केलेली फाइलही लहानच निघणार. इथेच गफलत होते. नव्या फाइलचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे व्हिडीओ किती वेळाचा आहे आणि दुसरी म्हणजे त्याचा बिटरेट किती आहे.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडीओसाठी खर्च होणारा डेटा. बादली किती भरेल हे नळाची धार किती मोठी आणि नळ किती वेळ चालू यावर ठरतं, तसंच हे आहे. बिटरेट म्हणजे धार, व्हिडीओची लांबी म्हणजे वेळ आणि डिस्क म्हणजे बादली.

कन्व्हर्टरमध्ये बिटरेट ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट ठेवला असेल, तर दोन तासांचा व्हिडीओ ७.२ जीबीचा होतो. मूळ फाइल कितीही लहान असली तरी हा आकडा बदलत नाही. आणि फाइल फुगली म्हणून चित्र जास्त स्पष्ट होतं असंही नाही. मूळ फाइलमध्ये जे नाही, ते कन्व्हर्ट केल्याने येत नाही.

डीव्हीडीला एवढी जागा का लागते?

डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा १९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आले. डीव्हीडी व्हिडीओमध्ये प्रामुख्याने एमपेग-२ ही त्या काळातली पद्धत वापरली जाते. आज मोबाइलवरचे बरेच व्हिडीओ एच.२६४ पद्धतीचे असतात. ही पद्धत २००३ मध्ये आली आणि साधारण तेवढ्याच दर्जाचं चित्र ती एमपेग-२च्या जवळपास निम्म्या डेटात बसवते. म्हणजे डीव्हीडीसाठी कन्व्हर्ट करणं म्हणजे नव्या, काटकसरी पद्धतीतून जुन्या, खर्चिक पद्धतीत जाणं.

४.७ जीबी लिहिलेलं असतं, मग कॉम्प्युटर ४.३७ का दाखवतो?

यात फसवणूक नाही. डिस्कच्या पाकिटावर हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. जागा तेवढीच असते, मोजण्याची पद्धत वेगळी. त्यामुळे विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसणारी फाइल साध्या डीव्हीडीवर बसणार नाही.

६०० चं सोपं सूत्र

साध्या डीव्हीडीसाठी ६०० ला व्हिडीओच्या एकूण मिनिटांनी भागायचं. येणारं उत्तर म्हणजे एमबीपीएसमधला एकूण बिटरेट. त्यातून आवाजासाठी साधारण ०.२ वजा करायचे, उरेल तो चित्राचा बिटरेट.

- ९० मिनिटं : साधारण ६.४
- २ तास : ४.८
- ३ तास : ३.१
- ४ तास : २.३

या सूत्रात थोडी जागा मुद्दाम मोकळी सुटते, कारण डिस्कवर चित्र-आवाजाबरोबर इतरही माहिती लिहिली जाते. व्हिडीओ तासाभराचाच असेल तर उत्तर १० येतं, पण डीव्हीडीत चित्राच्या बिटरेटची कमाल मर्यादा ९.८ आहे. अशा वेळी ८ च्या आसपास थांबलेलं बरं.

सॉफ्टवेअरमध्ये 'टू पास' हा पर्याय असेल तर तो निवडावा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर पूर्ण व्हिडीओ तपासतं आणि दुसऱ्या फेरीत डेटा वाटून देतं. स्टेजवर शांत बसलेल्या नवरा-नवरीला कमी, वरातीतल्या नाचाला जास्त. वेळ जास्त लागतो, पण तेवढ्याच जागेत चित्र चांगलं मिळतं.

डीव्हीडीस्टाइलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट 'ऑटो'वर ठेवला की हा हिशोब सॉफ्टवेअरच करतं. हँडब्रेक लोकप्रिय असलं तरी ते प्लेअरवर चालणारी डीव्हीडी तयार करत नाही, हे लक्षात ठेवावं.

तीन तासांपेक्षा मोठा व्हिडीओ असेल तर?

बिटरेट फार खाली आणला की हलत्या दृश्यांत चौकोन चौकोन दिसायला लागतात. अशा वेळी तीन मार्ग आहेत.

पहिला, व्हिडीओचे दोन भाग करून दोन डिस्क बनवणं. हा सगळ्यात सुरक्षित उपाय. सिनेमे व्हीसीडीवर यायचे तेव्हाही हेच व्हायचं. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावायची, म्हणून एकाच सिनेमाच्या दोन-तीन सीडी असायच्या.

दुसरा, ८.५ जीबीची ड्युअल लेअर डिस्क घेणं. मात्र आपला रायटर आणि प्लेअर ती घेतो का, हे आधी तपासावं.

तिसरा, चित्राचा आकार कमी करणं. भारतातल्या पाल पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं असतं. त्याऐवजी ३५२ बाय ५७६ ठेवलं तरी ते डीव्हीडीच्या नियमात बसतं. चित्र थोडं मऊ दिसतं, पण चौकोन कमी होतात. जुन्या कॅसेटवरच्या शूटिंगमध्ये मुळातच बारकावे कमी असल्याने तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

मुळात कन्व्हर्ट करायची गरज आहे का?

डिस्क फक्त कॉम्प्युटरवर बघायची असेल तर नाही. १.४ जीबीची फाइल आहे तशी 'डेटा डिस्क' म्हणून राइट करता येते. अशा तीन फाइल एका डीव्हीडीवर बसतील आणि दर्जाही कमी होणार नाही. जुने डीव्हीडी प्लेअर मात्र अशा फाइल बहुतेक वेळा ओळखत नाहीत.

मूळ फाइल डिलीट करू नका

प्रत्येक कन्व्हर्जनमध्ये चित्रातला थोडा तपशील कायमचा जातो. डीव्हीडीवरून पुन्हा मोबाइलसाठी फाइल बनवली तर तो परत येत नाही, उलट आणखी कमी होतो. शिवाय घरी राइट केलेल्या डीव्हीडीत डेटा रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेला असतो. ऊन, उष्णता आणि दमटपणाने हा थर खराब होतो.

म्हणून राइट झाल्यावर 'व्हेरिफाय' करा, डिस्क प्लेअरवर शेवटपर्यंत चालते का ते बघा आणि मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. डीव्हीडी ही बघण्यासाठी केलेली प्रत आहे. ती बिघडली तर दुसरी बनवता येते, पण त्यासाठी मूळ फाइल हातात असावी लागते.