तक्षीम

आमच्या चाकूर भागातली जुनी माणसं अजून 'तक्षीम' हा शब्द वापरतात. भावाभावांची वाटणी झाली की 'थोरल्याची तक्षीम वढ्याकडली, धाकट्याची गावाकडली' असं बोलणं चालतं. शब्द अरबीतला, उर्दू-फारशीच्या वाटेनं मराठीत आलेला. मूळ रूप तकसीम. निजामाच्या शाळेत भागाकाराचं नावही हेच होतं. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी म्हणजे तफरीक, गुणाकार म्हणजे जर्ब आणि भागाकार म्हणजे तकसीम. माझ्या आज्याला ऐंशीव्या वर्षीही हे चार शब्द ओळीनं यायचे. जिला भागायचं ती संख्या 'मकसूम', जिनं भागायचं ती 'मकसूम अलैह'. हे म्हणताना त्याची जीभ अडखळायची. पण तकसीम म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही. घरात चार चुलते होते.

तेव्हा आमचा अहमदपूर तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके बीदरपासून सुटून मराठी मुलखात आले. लातूर जिल्हा तर १९८२ चा. आज्याच्या काळी दोन-चार यत्ता मराठीतून व्हायच्या, पुढं शिकायचं तर उर्दू. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दूतून शिकवायचं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी अशा मोजक्या ठिकाणी मराठीचा आधार होता. खेड्यातल्या लेकराला तिथवर कोण धाडणार? म्हणून घरी पावकी-निमकी मराठीत आणि शाळेत तकसीम उर्दूत, असा दुहेरी कारभार चालायचा. 'बाकी' हा एक शब्द तेवढा दोन्हीकडं सारखा.

आजा शाळेत फार टिकला नाही, पण भागाकार पक्का शिकला. त्याला कारण पैसा. निजामाचं राज्य स्वतःचं नाणं पाडायचं, त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. शंभर कलदारला हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहा कलदारला सात हाली, असा सरकारी भाव. बार्शी इंग्रजी मुलखात. लातूरहून बार्शीला छोटी आगगाडी जायची. तिथं माल विकून आलेल्या माणसाला कलदारचे हाली करायचे तर सहानं भागून सातानं गुणावं लागायचं. ज्याला हे यायचं नाही, तो सावकाराच्या दुकानात बसून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचा.

आता त्या भागाकाराची रीत बघा. २५ रुपये १० आणे तिघांत वाटायचे. प्रत्येकाला आठ रुपये गेले, एक रुपया उरला. रुपयाचे सोळा आणे, त्यात वरचे दहा मिळवले, सव्वीस झाले. प्रत्येकी आठ आणे, उरले दोन. दोन आण्यांच्या चोवीस पै, प्रत्येकी आठ. उत्तर आठ रुपये, आठ आणे, आठ पै. आज्याचं हे आवडतं गणित, तीन आठ एका रांगेत आले की त्याला हसू यायचं. जमिनीचंही तसंच. साडेअकरा एकर चौघांत वाटायची तर दोन-दोन एकर गेली, तीन उरली. एकराचे चाळीस गुंठे, तिनाचे एकशेवीस, अर्ध्या एकराचे वीस. एकशेचाळीसला चारानं भागलं की पस्तीस. दोन एकर पस्तीस गुंठे. (हे झालं कागदावर. काळी कुणाला नि बरड कुणाला, विहिरीची पाळी कशी, याचा भागाकार कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. भांडणं तिथंच होतात.)

या रीतीत उरलेलं कधी उरत नव्हतं. रुपया उरला तर मोडा, आणे करा. एकर उरली तर मोडा, गुंठे करा. मोठं नाणं फुटत नाही तोवर पुढची वाटणी होत नाही, हे लेकराला दिसायचं.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर पैसे झाले. वर्षभरानं किलो आणि लिटर टप्प्याटप्प्यानं यायला लागले, आणि गावागणिक बदलणारी पायली हळूहळू मागं पडली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सोळाच्या आणि बाराच्या मोडीनं किती लेकरांनी शाळेला रामराम ठोकला असेल, कोण जाणे. दशमान पद्धत सोपी, ती आली हे बरंच झालं. फक्त मोड दिसेनाशी झाली. शंभराचे दहा दहा होतात, दहाचे दहा एक होतात, पण त्याला आणा-पै अशी वेगळी नावं नाहीत. पाटीवर नुसता एक आकडा 'खाली घ्यायचा'. का घ्यायचा, ते कुणी बोलत नाही.

तसा खडूनं लिहायचा हा उभा भागाकार फार जुना नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तेव्हा आकडेमोड धूळपाटीवर व्हायची. बोटानं आकडा पुसायचा, उरलेला त्याच जागी लिहायचा. मधल्या पायऱ्या मागं राहातच नव्हत्या. हे अंक अरबांकडून युरोपात गेले. पायऱ्या एकाखाली एक मांडायची आजच्यासारखी रीत छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसते ती इटलीत, कालांद्रीच्या १४९१ च्या अंकगणितात. कागदावर पुसता येत नाही म्हणून सगळं लिहून ठेवायचं. तीच रीत इंग्रजांबरोबर परत आली.

लिहिणं न येणाऱ्यांचीही एक रीत होती. बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. टोळीनं किती काम केलं त्याचं माप निघायचं, त्यावर टोळीचा पगार, मग तो माणशी वाटायचा. मुकादम तोंडी हिशेब सांगायचा. माय अंगठेबहाद्दर. ती म्हणायची, "सांगू नगा, हितं फडक्यावर वाटे घाला." मग नोटा एकेक करून फडक्यावर पडायच्या, जत्रेत मटणाचे वाटे घालतात तशा. राहिलेल्या नोटेची मोड आणायला कुणीतरी पळायचं. तोवर एकही बाई उठायची नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, चौथी-पाचवीला गणित शिकवलं. लेकरांचा भागाकार एकाच ठिकाणी अडतो. ६१८ भागिले ६. सहा एके सहा, वर १. खाली १ आला, सहाचा भाग जात नाही, म्हणून ८ खाली. अठरा, सहा त्रिक अठरा, वर ३. उत्तर १३. मधलं शून्य गायब. 'भाग गेला नाही तर वर शून्य द्या' असं शंभरदा सांगून बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा १३.

मग मी मायची रीत घेतली. पुठ्ठ्याच्या नोटा केल्या. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपये आठ. सहा पोरं पुढं बसवली. शंभराची एकेक नोट वाटून झाली. दहाची एकच. कुणाला द्यायची?

"कुनालाच नको, गुर्जी. मोडा."

म्हणजे दहाच्या घरात कुणाला काही आलं नाही. तिथं काय लिहायचं? शून्य. दहाची मोड केली, आठ मिळवले, अठरा झाले. तीन-तीन. एकशे तीन. ताळा करायलाही पोरांनी पाढा नाही म्हटला, नोटाच परत गोळा केल्या.

एवढ्यानं सगळं जमतं असं नाही. 'प्रथम'चा 'असर' अहवाल ग्रामीण मुलांना जे सगळ्यात वरचं गणित घालतो, ते तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायचं. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या पाचवीच्या साधारण दहातल्या तिघांनाच ते आलं. आमच्याकडं दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, बरोबर लेकरं जातात. वर्ग अर्धा रिकामा. बहुतेक वेळा भागाकाराचा पाठ त्याच दिवसांत येतो.

तांड्यावरची एक पोरगी आजीजवळ मागं राहिली होती. तिला मी गणित घातलं : एका कोयत्यानं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीनं, ५१,२५० रुपये उचल घेतली. टनाला २५० मिळाले तर उचल फिटायला किती टन तोडावं लागेल? आधी उत्तर आलं २५. ती स्वतःच म्हणाली, "इतकं कमी? मग माय एवढे दिस का ऱ्हाती?" पुसलं आणि पुन्हा मांडलं. २५० दुणे ५००, उरले १२. पुढचा ५ खाली घेतला, १२५ झाले, भाग जात नाही, वर शून्य. मग ०, झाले १२५०. २५० पाचे १२५०. उत्तर २०५.

दिवसाला दोन टन धरून तिनं न सांगताच पुढं भागलं. एकशे दोन, बाकी एक.

"गुर्जी, एक टन उरलाय. म्हंजे एकशे तिनावा दिस बी जातोय."

"जातो की. आणि तोवर नुसती उचल फिटती, हातात काई नाई."

ती भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली. आईबाप दिवाळीनंतर पंधरवड्यानं गेलेले. तिथून बोट ठेवत ती एकेक चौकोन मोजत गेली, पानं उलटत गेली. महाशिवरात्रीपाशी बोट थांबलं.