वाकलेलं चक्र

१८०८ साल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर एक अवजड यंत्र दोरांनी वर चढवलं जात होतं. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं तीन फूट व्यासाचं चक्र वाकलं. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपलेच सरफोजीराजे होते, राज्यकारभार मात्र कंपनीच्या हातात. यंत्र कर्नल विल्यम लॅम्ब्टनचं. दक्षिणेपासून सुरू करून अख्खा हिंदुस्थान त्रिकोणांत मोजायचं काम त्याने हाती घेतलं होतं.

हे ग्रेट थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेलं, वजन साधारण अर्धा टन. त्याच्यावर संकट येण्याची ही पहिली वेळ नव्हती. भारतात येतानाच त्याचं जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं होतं. मात्र शास्त्राचं उपकरण आहे म्हणून त्यांनीच ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं.

नवं यंत्र मागवायचं तर पत्र इंग्लंडला पोचायला काही महिने, बनवायला आणखी वेळ, मग परतीचा समुद्र. तोवर मोजणी बंद. लॅम्ब्टन यंत्राचे सुटे भाग घेऊन तंबूत बसला. सपाट फळीवर हव्या त्या मापाचं वर्तुळ कोरलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू बाहेर ओढत त्या वर्तुळात बसवली. सहा आठवडे गेले. चक्र मूळ आकारात 'जवळपास' आलं.

मला या गोष्टीत त्या 'जवळपास'चंच कौतुक आहे. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला जुनी सिस्टीम पाडून नवी लिहायची खाज असतेच. पण दुरुस्ती की बदली, हा प्रश्न मुळात वयाचा नाही. यंत्र किती चुकतं हे आपल्याला ठाऊक आहे का, आणि ती चूक उद्याही तेवढीच राहील का, हे विचारायला हवं.

लॅम्ब्टन १८२३च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम आणि वाकून सरळ केलेलं यंत्र जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. एव्हरेस्ट भांडखोर होता, पण चुका शोधण्यात वस्ताद. चक्रावरच्या खुणा सगळीकडे सारख्या अंतरावर नसणार, हे त्याने धरूनच चाललं. म्हणून एकच कोन तो चक्र फिरवून वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा वाचायचा आणि सरासरी घ्यायचा. एका जागची चूक अशी सगळीकडे वाटली जाते.

आमच्या पंचवटीत माझे मामा खासगी मोजणीची कामं करतात. त्यांचं टोटल स्टेशन म्हातारं झालंय. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं, या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, नवं घ्या. मामा म्हणाले, "अरे, कोनाची चूक मला कळते. दुर्बीण उलटी करून दुसऱ्या बाजूने वाचलं की निघून जाते. अंतराची चूकही माहीत असलेल्या दोन बिंदूंवर तपासता येते. मला भीती आहे ती अधूनमधून बिघडणाऱ्या गोष्टीची." प्रोग्रामरला हे वेगळं सांगायला नको. रोज येणारा बग परवडतो. कधीतरीच येणारा झोप उडवतो.

साखळीचं दुखणं तर याहून गमतीचं. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट; असे ४० झाले की एकर. ही ३३ फुटांची साखळी शेतातून ओढून ओढून कड्यांच्या जोडांत झिजते आणि लांबते. समजा ती चार इंच लांबली, म्हणजे साधारण एक टक्का. लांबलेली साखळी कमी वेळा टाकावी लागते, म्हणून शेत कागदावर लहान दिसतं. क्षेत्रफळात फरक पडतो दोन टक्क्यांचा. तेवढाच शेतसारा कमी! बिचाऱ्या शेतकऱ्याला झिजलेली साखळी बदलायची घाई कशाला असेल? पण तीच जमीन विकताना तो दोन टक्के त्याच्याच अंगावर येतो.

एव्हरेस्ट आजारपणाच्या रजेवर इंग्लंडला गेला आणि १८३०मध्ये परतला तो नवी यंत्रं घेऊन. सोबत हेन्री बॅरो हा यंत्रकारही होता. नवं मोठं थिओडोलाइट आलं, तरी जुनं भंगारात गेलं नाही. बॅरोने ते उघडून नव्यासारखं केलं आणि ते पुन्हा कामाला लागलं. साखळीला मात्र एव्हरेस्टने दया दाखवली नाही. उन्हात लोखंड किती वाढेल याचा हिशोब तिच्यात नीट बसत नव्हता. तिच्या जागी पितळ आणि लोखंड जोडलेल्या दहा फुटी पट्ट्या आल्या. दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पण जोडणी अशी की टोकांवरच्या खुणांमधलं अंतर बदलत नाही.

मग त्याने कंटाळवाणं, खर्चिक काम केलं. मध्य भारतात सिरोंजची जी आधाररेषा १८२४मध्ये साखळीने मोजली होती, तीच १८३७-३८मध्ये पट्ट्यांनी पुन्हा मोजली. सात मैलांहून जास्त लांबीत जवळपास तीन फुटांचा फरक निघाला. हे करायची हिंमत फार थोड्या ऑफिसांत दिसते, कारण नव्या यंत्राने जुनी जागा मोजली की जुन्या कागदांवर प्रश्न उभे राहतात.

पंचवटीत हे प्रश्न रोजचे आहेत. टिपण साखळीच्या काळातलं, मोजणी उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हरची, आणि मधल्या फूट-दीड फुटात कुणाची तरी कंपाउंडची भिंत. रोव्हर बांध कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये सांगतो. तो कुठे असायला हवा, हे टिपणातच शोधावं लागतं. म्हणून मामांना मी एवढंच सुचवलं, की नवं यंत्र घ्या, पण पहिले दोन महिने त्याच बिंदूंवर दोन्ही लावा आणि आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. त्यांना ते पटलं. कर्जाचा हप्ता अजून पटलेला नाही.

बॅरो गेल्यावर यंत्रं सांभाळायला अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसैन होते. मूळ धंदा दागिने आणि घड्याळांचा, इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण युरोपातून आलेली यंत्रं ते खोलून पुन्हा जोडत, आणि एव्हरेस्टसारखा कुणाची सहसा स्तुती न करणारा माणूसही त्यांचं कौशल्य मान्य करायचा. तंजावरला वाकलेलं ते थिओडोलाइट आज डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाकडे जपून ठेवलेलं आहे.