शेक की प्रकाश?

इन्फ्रारेड किरणांनी रक्तवाहिन्या सैल होतात असे कोणी म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: हा तर नुसता शेक! आक्षेप रास्त आहे. माझ्या मते इन्फ्रारेड उपचाराचा इतिहास वाचायचा तो त्याचे उत्तर शोधतच. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. या किरणांची ओळखच उष्णता म्हणून झाली. उष्णता वजा करून प्रकाशाचा परिणाम पाहण्याची शिस्त कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांची. त्यांनी कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद धरून समोरून प्रकाश टाकला, तेव्हा कागद काळा पडेना. पाळी काचांमध्ये दाबून रक्त हटवले, तेव्हा मात्र चटकन काळवंडला. रक्तच प्रकाश अडवते, हे उघड झाले. म्हणून त्वचेच्या क्षयावर उपचार करताना गार पाणी खेळवलेले क्वार्ट्झचे भिंग कातडीवर दाबून धरत. त्यांचा भर अतिनील किरणांवर होता, इन्फ्रारेडवर नव्हे. पण रीत मोलाची होती.

रक्तवाहिनीवरचा पुरावा ध्यानीमनी नसताना हाती आला. १९५०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधे तपासत होते. आकसलेल्या पट्टीवर प्रकाश पडला की ती सैल पडे. पुढे १९८०मध्ये त्यांनीच दाखवले की धमनीच्या अस्तराच्या पेशी वाहिनी सैल करणारा पदार्थ सोडतात. तो नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि १९९८च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. यावरही शंका उरतेच, कारण त्या पट्ट्यांवर अधिक चालला तो अतिनीलच. तरी गोष्ट तिथे संपत नाही. पेशीच्या श्वसनाच्या विकराला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड प्रकाशाने सुटतो, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. त्याच धर्तीवर, जवळचा इन्फ्रारेड प्रकाश विकराला चिकटलेला नायट्रिक ऑक्साइड मोकळा करत असावा, असा तर्क आज मांडला जातो. तर्क पटण्याजोगा आहे, पण सर्वमान्य नाही. आणि ऊब मिळाली तरी वाहिन्या रुंदावतातच. तेव्हा इन्फ्रारेडचे यंत्र घेण्यापूर्वी विकणाऱ्याला एवढे विचाराच: तापमान सारखे ठेवून तुलना केली होती का?