सासऱ्यांनी भांडे कलते धरले

मांजराचा विषय निघाला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाहीवर झोपलेले मांजर उठू नये म्हणून प्रेषितांनी (स.) बाहीच कापली! गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. जे नोंदलेले नाही ते प्रेषितांच्या नावावर मुलांना कसे सांगायचे?

मी कबशा बिन्ते कअब यांची हकीकत सांगतो. इमाम मालिक (मृत्यू 795) यांच्या ‘मुवत्ता’त ती आहे. सासरे अबू कतादा यांच्या वुजूसाठी सुनेने पाणी ओतले, तेवढ्यात मांजर आले. सासऱ्यांनी भांडे कलते केले आणि त्याचे पिऊन होईपर्यंत तसेच धरले. सून बघतच राहिली. तेव्हा त्यांनी सांगितले की मांजर नापाक नाही. प्रेषितांनी त्याला घरात सतत ये-जा करणाऱ्यांत धरले आहे. इथला मूळ अरबी शब्द आपल्या ‘तवाफ’च्याच धातूतला.

आमची मनी फज्रच्या वेळी नेमकी नळाखालच्या तांब्यापाशी येते. तिचे होईपर्यंत मी थांबतो. शाळेची घाई असते तेव्हा हे जड जाते, खरे सांगायचे तर.

कैरोत हीच वागणूक वक्फपर्यंत गेली. सुलतान बैबर्सने (मृत्यू 1277) मांजरांसाठी एक बाग ठेवली होती, असे एडवर्ड लेन लिहितो. 1830 च्या दशकात तो तिथे राहिला, तोवर बाग विकली गेली होती. काझीच्या कचेरीच्या अंगणात मात्र रोज दुपारनंतर मांजरांना खाणे घातले जात होते.