मागच्या स्पीकरची कुळकथा

सोफ्याच्या पाठीमागे बसणाऱ्या स्पीकरला दोन सवयी मुद्दाम लावाव्या लागल्या. एक, काम नसेल तेव्हा साफ गप्प राहायचं. दुसरी, बोलायचं ते पुढच्यांच्या मागाहून. आज वायरलेस स्पीकर घरी आणणाऱ्याची अर्धी डोकेदुखी या दुसऱ्या सवयीशी जोडलेली आहे.

वॉल्ट डिस्नेचा ‘फँटेशिया’ १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात लागला, तेव्हा चित्राच्या रिळासोबत आवाजाचं वेगळं रीळ पळवलं जात होतं. त्यावर संगीताचे तीन ट्रॅक होते आणि चौथा फक्त कुठला आवाज किती वाढवायचा हे सांगायला. हे सगळं सामान इतकं अवजड आणि महाग होतं, की मोजक्या शहरांपलीकडे ते गेलंच नाही. पुढे युद्धाने उरलंसुरलं गुंडाळलं. १९५२ मध्ये त्याच थिएटरात सिनेरामा आला. सात ट्रॅक, पडद्यामागे पाच आणि बाकीचे प्रेक्षकांभोवती.

गप्प राहायची सवय लागली ती पुढच्याच वर्षी. सिनेमास्कोपमधल्या पहिल्या चित्रपटाच्या, ‘द रोब’च्या, प्रिंटवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या: तीन पडद्यामागच्या स्पीकरसाठी, चौथी सभागृहातल्या. ही चौथी पट्टी बारीक, म्हणून तिची सूं-सूं जास्त. मागून काही वाजवायचं नसतानाही लोकांच्या कानामागे ती ऐकू यायची. यावर काढलेली युक्ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वात गोड वाटते. चौथ्या पट्टीवर १२ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर भरला. सूर आला की मागचे स्पीकर चालू, सूर थांबला की बंद. प्रेक्षकांपर्यंत तो सूर पोहोचू द्यायचा नाही, एवढी काळजी घेतली की झालं.

मुंबईकरांना भोवतीच्या आवाजाची खरी चव लागली ती १५ ऑगस्ट १९७५ पासून, मिनर्व्हात, ‘शोले’च्या ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर. जयने उडवलेलं नाणं आपल्याच खुर्चीखाली पडलं की काय, म्हणून लोक वाकून बघायचे, असं सांगतात. मिनर्व्हा होतं लॅमिंग्टन रोडवर. अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची वायर घ्यायलाही मुंबईकर याच रस्त्यावर येतो.

पण मागचा स्पीकर घरात आला तो ७० मिलिमीटरच्या वाटेने नाही. त्याची वाट वजाबाकीची. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’शी ज्याचा काडीचा संबंध नाही तो रे डॉल्बी १९६३ ते ६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता, इथून लंडनला जाऊन त्याने प्रयोगशाळा काढली. तिच्या ‘डॉल्बी स्टिरिओ’त फिल्मवर डावी आणि उजवी अशा दोनच पट्ट्या असत. मागचा आवाज त्यांच्या फरकातून काढायचा. नायकाचा संवाद दोन्हींत सारखा, म्हणून वजाबाकीत जातो. पाऊस, गर्दी, विमान उरतं. अमेरिकेत डेव्हिड हाफलरने हेच तत्त्व फुकटात वापरलं होतं. मागचा स्पीकर अॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या प्लस टोकांमध्ये जोडायचा, मायनसला हात लावायचा नाही. बस्स.

वजाबाकी कधी पुरती होत नाही. थोडा संवाद मागे झिरपतोच, आणि नायिका आपल्या मानेमागून बोलायला लागते. इथे हेल्मुट हास कामाला आला. १९४९ मध्ये जर्मनीत गटिंगेनला त्याने दाखवलं होतं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर कान आधी आलेल्या जागेवरच विश्वास ठेवतो. मग मागच्या स्पीकरला सुमारे २० मिलिसेकंद मुद्दाम उशीर करायचा. झिरपलेला संवाद मागून येतो, पण ऐकणाऱ्याला तो पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. याच वजाबाकीवर चालणाऱ्या डॉल्बीच्या घरगुती ‘प्रो लॉजिक’ संचांत १५, २० की ३० मिलिसेकंद, हे निवडायची सोयच असायची.

नव्वदच्या दशकात डिजिटल आवाज आला, प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ट्रॅक मिळाला आणि मुद्दाम केलेल्या उशिराची गरज संपली. उरली ती वायर. केसिंग-पट्टीत कोंबा, गालिच्याखाली सरकवा, दाराच्या चौकटीवरून फिरवा. घरात वाद ठरलेला. पहिले ‘वायरलेस’ संच तसे अर्धेच वायरलेस होते: मागे एक डबा, आणि त्या डब्यापासून दोन्ही स्पीकरना पुन्हा वायर. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची आधीच गर्दी.

आणि उशीर परत आला, या वेळी न बोलावता. ब्लूटूथ आवाज दाबून, साठवून, पाकिटांत पाठवतं. त्यात १५० मिलिसेकंद सहज जातात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज पन्नासेक मीटर जातो, म्हणजे स्पीकर सोफ्यामागे असून शेजारच्या इमारतीत ठेवल्यासारखा. एवढ्या उशिराला हास वाचवत नाही. सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. त्यामुळे होम थिएटरसाठी ५ गिगाहर्ट्झवर चालणारी ‘विसा’सारखी वेगळी पद्धत आली. तिच्यात उशीर पाचेक मिलिसेकंदांचा, आणि सगळ्या स्पीकरना तो सारखाच.

बसवताना स्पीकर अगदी पाठीमागे नको. समोरच्या मध्यापासून ११० अंशांच्या आसपास, म्हणजे खांद्याच्या किंचित मागे, आणि कानापेक्षा थोडा वर. जवळ प्लगही हवा, कारण अॅम्प्लिफायर स्पीकरच्या पोटात असतो आणि वीज काही हवेतून येत नाही. संच मधल्या दर्जाचा असेल आणि मागचा आवाज वीसेक मिलिसेकंद रेंगाळत असेल, तर टेपने मोजलेलं आठ फूट अंतर रिसिव्हरला सांगू नका. बावीस-तेवीस फूट जास्त भरा. स्पीकर लांब आहे असं समजून रिसिव्हर पुढच्या स्पीकरना तेवढं थांबवतो आणि सगळे एकत्र बोलतात. काही रिसिव्हर एवढा फरक घेत नाहीत, तेव्हा जमेल तितकाच भरायचा. यात आवाज चित्राच्या मागे पडतो खरा, पण आजचा टीव्हीही चित्र सजवण्यात काही मिलिसेकंद घालवतो, त्यामुळे बऱ्याचदा हिशेब आपसूक जुळतो. नाही जुळला तर टीव्हीचा ‘गेम मोड’ बंद आहे ना, ते आधी बघा.