‘तालीम’ आणि परवाना : संगीतशाळेच्या वास्तूचा प्रश्न

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत आल्यावर त्याचा संसार वाढला. गवयाजवळ घेतलेली विद्या ती तालीम, नाटकाची पूर्वतयारी तीही तालीम, आणि मल्लांच्या आखाड्याला तर तेच नाव पडले. ‘बैठक’ आणि ‘गाणे’ या शब्दांचीही गत अशीच. “आज त्यांच्याकडे गाणे आहे” या वाक्यातील गाणे शिकवणीचे की मैफलीचे, हे भाषा सांगत नाही. सांगण्याची तिला गरज भासली नाही, कारण दोन्ही एकाच दिवाणखान्यात होत असत.

कायद्याला मात्र ही गरज भासते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात (पुढे याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाले) ‘सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण’ याची व्याख्या आहे. जेथे संगीत, गायन, नृत्य वा खेळ यांची सोय असून लोकांना पैसे घेऊन प्रवेश दिला जातो, ते असे ठिकाण होय. सर्कस, नाटकगृह, संगीतगृह यांच्या जोडीला त्या यादीत व्यायामशाळा आणि पट्टा शिकविण्याची शाळाही आहे. मराठीने गवई आणि पैलवान ‘तालमी’त एकत्र आणले ते विद्येच्या नात्याने, कायद्याने आणले ते तिकिटाच्या नात्याने. तोच तंबोरा, तेच दालन. सकाळी शिष्य बसले तर शाळा, सायंकाळी दाराशी तिकीट लागले तर करमणुकीचे ठिकाण.

हा भेद संगीतसंस्थांच्या इतिहासाला मानवणारा नाही. मुंबईची पारशी गायन उत्तेजक मंडळी (१८७०) आणि पुण्याचा गायन समाज (१८७४) यांनी शिकविणे व ऐकविणे वेगळे मानले नव्हते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण तर बोलके आहे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये मुंबईस कार्य सुरू केले. संस्था चाले ती त्यांच्या जाहीर जलशांच्या मिळकतीवर. पुढे सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून स्वतःची वास्तू उभारली. कर्ज फिटेना, तेव्हा ती लिलावात गेली. बुवांच्या त्यागाचे वर्णन आपण पुष्कळ करतो, पण या हिशेबाकडे क्वचित पाहतो. जलसा बंद तर शाळा बंद, असा तो हिशेब होता.

आता यवतमाळचा विचार करू. (या नावातील ‘माळ’ ओसाड माळरान नव्हे, जुन्या गॅझेटियरकारांच्या मते तो परगण्याचा ‘महाल’ आहे. शासकीय वर्गवारी शब्दात लपते, ती अशी.) १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम येथेही लागू झाला. त्यात ‘विकास’ म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरात झालेला महत्त्वाचा बदलही विकासच. राहत्या घराची संगीतशाळा व सभागृह करावयाचे, तर नियोजन प्राधिकरण या नात्याने नगरपरिषदेची परवानगी हवी. अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर नियमांना धरून असलेल्या कामास परवानगी मिळाल्याचे मानले जाते.

शेजाऱ्यांची तक्रार हा खरा अडसर, आणि ती नेहमीच खोटी नसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी विभागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. त्याच मूळ नियमांत शिक्षणसंस्थेभोवतीचे शंभर मीटर हे शांतताक्षेत्र ठरले. संगीतशाळा ही शिक्षणसंस्था खरी. तेव्हा शांतता तिच्यासाठी राखावयाची की तिच्यापासून? २०१७ च्या दुरुस्तीने शासनाने घोषित केल्यावाचून शांतताक्षेत्र नाही असे ठरविले, त्यामुळे ही अडचण सौम्य झाली, पण नाहीशी झाली नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. बंद सभागृहास मात्र आतल्यापुरती सवलत आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून मैदानात रात्ररात्र चाले; या निर्बंधांनी ती प्रथा मोडली. दरबारी आणि मालकंस हे राग उत्तररात्रीचे. यवतमाळच्या रसिकांना ते त्यांच्या वेळी ऐकावयाचे, तर मैदान उपयोगाचे नाही. छप्पर हवे, जाड भिंती हव्यात, आणि नगरपरिषदेकडे द्यावयाच्या नकाशात सभागृहाची दारे शेजारच्या घराकडे उघडणारी नसावीत.