जुनं क्रेडिट कार्ड बंद करण्याआधी हे वाचा

मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दुकान वाढवण्यासाठी कर्ज काढायची वेळ आली की अनेक घरांत आधी आवराआवर सुरू होते. "हे जुनं कार्ड वापरातच नाही, बंद करून टाकू." हिशोब साफ असावा ही नीयत चांगलीच. पण घाईत चुकीचं कार्ड बंद झालं, तर ऐन अर्जाच्या वेळी आपली क्रेडिट हिस्ट्री कमकुवत दिसू शकते.

नोंद कोण ठेवतं?
भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. जितका जास्त तितका चांगला. ज्यांनी कधी कर्ज किंवा कार्ड घेतलंच नाही, त्यांचा इतिहासच नसतो. हा गुन्हा नाही, पण बँकेला अंदाज बांधणं अवघड जातं.

वयाचा हिशोब
समजा, एक कार्ड १० वर्षांचं आहे आणि दुसरं २ वर्षांचं. सरासरी वय ६ वर्षं. आज तिसरं कार्ड घेतलं की सरासरी थेट ४ वर्षांवर येते. म्हणून गरज नसताना एकामागून एक कार्डं घेऊ नयेत. बंद केलेल्या कार्डाची नोंद लगेच पुसली जात नाही, पुढे काही वर्षं रिपोर्टमध्ये दिसते. पण ते खातं पुढे वाढत नाही.

मर्यादेचा फटका
हा फटका जास्त लवकर बसतो. जुन्या कार्डाची मर्यादा ६०,००० रुपये, नव्याची ४०,००० आणि थकबाकी ३०,००० असेल, तर वापर ३० टक्के. जुनं बंद केलं की तीच थकबाकी ७५ टक्के होते. खर्च एक रुपयानेही वाढला नाही, तरी आपण उधारीवर जास्त अवलंबून आहोत असं दिसतं.

मग काय करावं?
वार्षिक फी नसेल तर सर्वात जुनं कार्ड चालू ठेवा. अधूनमधून छोटी खरेदी करा आणि मुदतीआधी पूर्ण बिल भरा. वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलं नाही, तर बँक आधी कळवून ते बंद करू शकते.

व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घरांनी एक गोष्ट खास ध्यानात ठेवावी: "किमान रक्कम" भरली तर उरलेल्या रकमेवर व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर सहसा त्याच दिवसापासून. ज्यांना हा मोह आवरत नाही किंवा फी जड जाते, त्यांनी कार्ड बेशक बंद करावं. बाकी शिल्लक नसेल तर अर्जानंतर ७ कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बंद झाल्याचं लेखी घ्या.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो मागवून जुनी खाती तपासा.

शेवटी, खात्याचं वय हा एक भाग आहे. वेळेवर परतफेड त्याहून मोठी. १० वर्षांच्या कार्डाचे हप्ते चुकले, तर ते वय कामी येत नाही.